ओढीची बाजू

३ मार्च १९७४, रविवार

पलटणीत रोजनिशी लिहायची सवय लागली ती पेन्शन घेतल्यावरही सुटली नाही. पण गावात आल्यापासून लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. म्हैस व्याली, ऊस गेला, पाहुणे आले, संपलं. आज मात्र घडलं. आमच्या उपसा योजनेचा पंप सुरू झाला. कृष्णेचं पाणी आता माळावर चढणार, आणि योजनेचा चेअरमन मी आहे, सुभेदार लालासाहेब.

सांगलीच्या फिटरनं सगळं समजावून दिलं. नदीत सोडलेला पाइप तो सक्शन, आणि पंपापासून वर माळवाडीच्या हौदापर्यंत चढलाय तो डिलिव्हरी. गुंडा म्हणजे आमचा पंप ऑपरेटर. त्यानं लगेच त्याचं मराठी केलं, ओढीची बाजू आणि फेकीची बाजू. फिटर म्हणाला, फेकीच्या बाजूला फुटलं तर फवारा उडतो, आंधळ्यालाही कळतं. ओढीच्या बाजूला फट पडली तर पंप चालू असताना थेंब बाहेर येत नाही. उलट हवा आत जाते आणि पंप नुसता भुंकत बसतो. मी म्हटलं, ओढीची बाजू आमच्या गावात आहे, माझ्या डोळ्यांसमोर. तिला हात लावायची कुणाची छाती आहे? काळजी फेकीच्या बाजूची, कारण ती माळवाडीतून जाते.

माळवाडी धनगरांची. पिढ्यान्पिढ्या मेंढरांमागं फिरली, आता शेतीत पाय रोवायला बघतेय. त्यांचा कारभारी तात्याबा नारळ फोडायला खाली आला होता. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "सुभेदार, पानी खरंच चढंल न्हवं?"

मला शंकेखोर माणसांचा राग आहे. मिशीला ताव देऊन म्हणालो, पाडव्याच्या आत तुझा हौद भरला नाही तर ही मिशी उतरवीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायको, मनुबाई म्हणाली, "मिशी कशाला मधी आणायची?" बायकांना यातलं कळत नाही.

९ मार्च

पाणी चढतं आणि मध्येच दम सोडतं. पंप खोकल्यासारखा आवाज करतो, मग नुसता गरगरतो. गुंडा पुन्हा घागरीनं पाणी ओतून पंप भरतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा तेच.

वर हौदाच्या राखणीला आमचा गडी सिद्धू ठेवलाय. मिरजेहून येणारी एस.टी. माळवाडीच्या फाट्यावर थांबून मग खाली आमच्या गावात येते, म्हणून सिद्धूचे निरोप कंडक्टरबरोबर यायचे असं ठरवलं. आज पहिला निरोप आला. गाडी वळवता वळवता कंडक्टरनं गुंडाला ओरडून सांगितलं, "डिलिव्हरी कोरडी हाय."

संध्याकाळी घरचा वळू नदीवर नेऊन धुतला. खिलार जनावर आहे, मस्ती भरपूर. बांधलं की सारखे हिसके देतं. काठावर त्याला बांधायला सक्शनच्या पाइपाइतकं भक्कम दुसरं काही नाही, म्हणून रोज तिथंच बांधतो. खाली सदा चिखल असतो, पण वळू धुवायचा म्हटल्यावर चिखल होणारच.

१६ मार्च

फिटरला बोलावलं होतं. म्हणाला ओढीकडं बघा. मी म्हटलं, बघून झालंय. पंप चालू असताना एक थेंब गळत नाही, पाइप खडखडीत कोरडा. जमिनीला ओल आहे ती वळूची. तो चहा पिऊन गेला.

मग मी स्वतःच फेकीची बाजू चालत वर गेलो. पाइपाच्या मधल्या तोटीवर एक मेंढका जनावरं पाजत होता. मेंढरांच्या दाढ्या ओल्या, आणि हौदात धूळ. मी त्याला काठीनं झोडपला. पोटऱ्यांवर, पाठीवर, पळायला लागल्यावर पायात काठी घालून पाडला आणि पुन्हा मारला. तो एकच सांगत होता, "तोटी आपसूक गळतीया." चोर दुसरं काय सांगणार?

मनुबाईचं वेगळंच. शालूचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, तिला आणायला कधी जायचं, हे ती तीनदा विचारून झाली. जावई कृष्णात मिरजेला रेल्वेत आहे. त्याचं म्हणणं, इथं एवढे दवाखाने असताना खेड्यात कशाला. मलाही ते टोचलंच. पण अजून दीड-दोन महिने अवकाश आहे. पंप मार्गी लागला की जाऊ.

२४ मार्च, पाडवा

हौद भरला नाही.

सकाळी गुढी उभारून बाहेर आलो तर दारात नानासो. तात्याबाचा धाकटा भाऊ. त्यानं कडुलिंबाचा पाला पुढं केला. मला वाटलं सणाचं आणलंय, हात पुढं केला. पाल्यात वस्तरा होता. म्हणाला, "तात्यानं धाडलाय. धार लावून."

गल्लीत कुणीतरी हसलं. कोण ते अजून कळलेलं नाही, कळलं असतं तर त्यालाही धुतला असता. हाताशी वळूचा चाबूक होता. पहिलाच फटका नानासोच्या तोंडावर बसला, कानापासून हनुवटीपर्यंत कातडी उसवली. तो हलला नाही. दुसरा मारला तेव्हा चाबूक धरून म्हणाला, "सुभेदार, आमी मिशी मागत न्हाई. पानी मागतोय." मग शेजाऱ्यांनी त्याला ओढत नेलं.

वस्तरा पंपघराच्या कोनाड्यात फेकला. मनुबाईनं पुरणपोळी वाढली, पण माझ्यानं खाववली नाही. माझं चुकलं असं नाही. पण सणासुदीला रक्त सांडायला नको होतं, एवढं वाटतं.

२९ मार्च

माळवाडीवाल्यांनी पंपघरावर दगडफेक केली. कौलं फुटली, गुंडाचं डोकं फुटलं. तो मान खाली घालून बसला होता आणि रक्त नाकावरून मोटारीवर ठिबकत होतं. आमची पोरं खवळली. त्यांनी माळावर जाऊन मेंढरं कोंडायच्या जाळ्या पेटवल्या. जाळ्यांत गुरफटून काही मेंढरं भाजली. तो वास खालपर्यंत आला. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. थांबा असंही म्हटलं नाही.

चुलतभाऊ आप्पासो पोलीसपाटील आहे. म्हणाला, "लाला, कागदावर काय बी येत न्हाई, मी हाय." बरं वाटलं. लढाईत पाठीशी कुणी असलं की बरं वाटतंच.

वळू दोन दिवस धुतला नाही. गंमत म्हणजे चिखल तसाच आहे.

५ एप्रिल, दुपार

घाईत लिहितोय. पोरं ट्रॉली जोडतायत.

आत्ता गुंडा स्टँडवरून धावत आला. मिरज गाडीच्या कंडक्टरनं निरोप दिला, तो गुंडानं मला शब्दाला शब्द सांगितला. "सुभेदारांस्नी सांग, डिलिव्हरी अडलीया. पानी कवाच गेलंय. रगात लागणार हाय. गडीमाणसं घिऊन ताबडतोब या."

गाडी सुटत होती, जास्त विचारता आलं नाही म्हणे. विचारायचंय काय? सिद्धूचाच निरोप. माळवाडीवाल्यांनी डिलिव्हरी अडवली, पाणी तोडलं, आणि आता रक्त सांडायच्या तयारीत आहेत. सिद्धू एकटा आहे वर.

काठी आणायला घरी गेलो तर मनुबाई दारात. "काय झालं?" म्हणाली. पंपाचं काम आहे म्हटलं. "कुणाचा निरोप हाय?" म्हणाली. तुला कशाला नसत्या चौकशा, असं ओरडलो तिच्यावर आणि लोखंडी टोप्याची काठी घेतली. आज एकदाच काय तो निकाल लावायचा.

५ एप्रिल, दिवेलागण

हात धुतले तरी बोटांच्या सांध्यांत राहतंच.

आम्ही गेलो तेव्हा सिद्धू हौदाच्या सावलीला तात्याबाबरोबर बसून कांदाभाकरी खात होता. पाइप होता तसाच होता. आजूबाजूला माळवाडीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. हे सगळं मी पाहिलं. आता लिहिताना मला दिसतंय की मी पाहिलं होतं. पण पोरं ट्रॉलीतून उड्या टाकून धावली होती आणि मी सगळ्यांच्या पुढं होतो.

सिद्धू उठून आडवा आला. "आवं सुभेदार, म्या न्हाई निरोप धाडला, काय झालंच न्हाई हितं." मला वाटलं हा फितला. त्याला छातीत ढकलला, तो हौदाच्या कडेवर आपटला. माळवाडीची माणसं घरांतून कुऱ्हाडी, दांडकी घेऊन आली. मग कोण कुणाला मारतोय ते राहिलं नाही. आमच्या एकाचा पंजा मनगटाशी लोंबायला लागला. एका बाईनं माझ्या पाठीत घागर घातली. नानासोनं मला खाली पाडलं, त्याच्या तोंडावरचा वळ माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्याला लाथ घालून उठलो.

तात्याबाच्या हातात काही नव्हतं. अर्धी भाकरी होती. तो दोन्ही हात वर करून मध्ये आला, "थांबा रं, थांबा," आपल्या माणसांनाच ओरडत. माझी काठी फिरली होती. टोप्याचा आवाज वेगळा येतो, कवटीवर बसला की. लढाईत मी माणसं पडलेली पाहिली आहेत, ती लांबून पडायची. हा माझ्या पायावर पडला.

त्याला त्यांनी माळवाडीच्या लोकरीच्या ट्रकमधून मिरजेला नेलं. दहा-बारा जण बरोबर गेले. आप्पासो सांगून गेला, "दगडावर पडला म्हणायचं. समद्यांनी एकच बोलायचं."

मग निरोप कुणाचा होता?

७ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज मिरजेहून आलो.

काल सकाळच्या गाडीला मी पंपघरापाशी उभा होतो. कंडक्टर मला बघून दचकला. "सुभेदार, तुमी अजून हितंच? पोरीला बघाया गेला न्हाईसा?" मी म्हटलं, कुठली पोरगी? तो म्हणाला, "काल तुमच्या जावयानं मिरज स्टँडवर माझा हात धरून निरोप दिला न्हवं. डिलिव्हरी अडलीया म्हणून."

गुंडा माझ्या शेजारी होता. त्यानंही ते ऐकलं.

आमच्या घरात कुणी डिलिव्हरी म्हणत नाही. बाळंतपण म्हणतात. तो दवाखान्यातला शब्द, कृष्णातनं डॉक्टरांच्या तोंडचा तसाच उचलला. आणि पंपघरात त्या शब्दाचा एकच अर्थ होतो. शालूला महिनाभर आधीच कळा सुटल्या होत्या, पाणी जाऊन रात्र उलटली होती, पोट फाडावं लागणार होतं. रक्त द्यायला माणसं हवी होती. मी माणसं गोळा केली होती. वीस धट्टीकट्टी माणसं, ट्रॉली भरून.

मनुबाईला घेऊन त्याच गाडीनं निघालो. आष्टा गेल्यावर ती एकदाच म्हणाली, "मला नुसता निरोप ऐकवला असतासा. पानी कवाच गेलंय, हे बाईमाणसाला सांगावं लागत न्हाई." पुढं सांगलीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मी माझ्या हातांकडं.

दवाखान्याच्या दारात कृष्णात धावत आला आणि पायाला हात लावला. "मामा, वाचली शालू. मुलगी झाली. तुमी माणसं येळंवर धाडलीसा म्हणून. चौघांचं रगात जुळलं." त्यानं बोट केलं तिकडं झाडाखाली माळवाडीची माणसं बसली होती. मुंडाशी, घोंगडी, आणि चौघांच्या कोपराच्या खोबणीत कापसाचे बोळे. त्यांतला एक नानासो.

कृष्णातला काही माहीत नव्हतं. आदल्या दिवशी सांजच्याला आपल्या भागातली माणसं ट्रकमधून उतरताना दिसली, म्हणून तो पळत गेला होता आणि विचारलं होतं, सुभेदारांनी धाडलंय न्हवं तुमाला, रगात द्यायला?

मी नानासोपुढं गेलो. तो उठला नाही. म्हणाला, "तुझं नाव ऐकलं तवा मी त्याचा गळा धराया उठलो हुतो. मग त्यो म्हणला आत बाई अडलीया." पुढं म्हणाला, "तात्याला रगताचा उपेग न्हाई म्हणलं डाक्टर. मेंदूला लागलंय. मग म्हणलं घ्या." मी हात जोडले. त्यानं तोंड फिरवलं. वळाची बाजू माझ्याकडं आली. "जोडू नगंस. तात्या गेला तर मी तुला सोडणार न्हाई. दोन्ही ध्येनात ठेव."

शालू पांढरीफटक होती. तिनं पोरगी दाखवली, मूठभर जीव, आवाज मोठा. "आबा, कुनी दिलं वो रगात?" तिनं विचारलं. मनुबाईनं माझ्याकडं पाहिलं. माळवाडीच्या लोकांनी, एवढंच मी सांगितलं. शालू म्हणाली, "बघा, आन तुमी त्यास्नी चोर म्हणत हुता." मी बाहेर आलो आणि जिन्याखाली उभं राहून रडलो. लाज वाटली म्हणून रडलो आणि पोर वाचली म्हणूनही रडलो, दोन्ही एकदमच आलं.

९ एप्रिल

तात्याबा काल पहाटे गेला. शुद्धीवर आलाच नाही.

आप्पासो कागद घेऊन आला होता. पाय घसरून हौदाच्या दगडावर पडला, असं लिहिलेलं. माळवाडीची माणसं काय म्हणतील, असं मी विचारलं. "म्हणू दे की. ऐकतंय कोण?" म्हणाला. हाच आप्पासो दहा दिवसांपूर्वी पाठीशी आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. मी कागद फाडला. दुसरा लिही म्हटलं, माझं नाव घालून, काठीच्या टोप्यासकट. तो म्हणाला, "लाला, डोकं फिरलंय तुझं." फिरलं होतं ते आधी. दुपारपर्यंत लिहून घेतलं त्याच्याकडून. तो कागद उद्या ठाण्याला जाईल.

१० एप्रिल

पहाटे वळू सोडायला नदीवर गेलो. कुणी बांधला होता कोण जाणे, पण सवयीनं तिथंच, सक्शनला. पंप बंद होता. गुंडा वरून घागरीनं पाणी ओतत होता, पंप भरायला. दाव्याच्या गाठीखाली पाइपाचा जोड आहे. त्या जोडातून पाण्याची बारीक धार निघाली आणि चिखलात गेली. मी गुंडाला आणखी ओत म्हटलं. त्यानं ओतलं. धार पुन्हा आली.

वळूच्या हिसक्यांनी जोडाचे बोल्ट ढिले झाले होते. चालू पंपात तिथून हवा आत जायची, बंद केला की पाणी बाहेर. महिनाभर. मी त्या चिखलात उभा राहून वळू धुतला, आणि माळावर जाऊन माणसं मारली. फिटरनं सांगितलं होतं ओढीकडं बघा. मेंढक्यानं सांगितलं होतं तोटी आपसूक गळतीया. सगळ्यांनी सांगितलं होतं.

गुंडानं जोडात नवं रबर घातलं, बोल्ट आवळले. पंप सुरू झाला आणि एकदाही खोकला नाही. गुंडा माझ्याकडं न बघता पाण्याचा आवाज ऐकत बसला.

कोनाड्यातला वस्तरा काढला. धार खरंच चांगली लावली होती तात्याबानं. पाण्याच्या बादलीत बघून मिशी उतरवली. घरी गेलो तर मनुबाईनं ओठाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आमच्यात बाप गेल्यावर मिशी उतरवतात.

आत्ता गाडी आली. कंडक्टर आज खाली उतरून माझ्याजवळ आला, आणि हळू आवाजात म्हणाला, "सुभेदार, ह्यो पंपाचा निरोप हाय. सिद्धू म्हणतोय हौद काठोकाठ भरलाय. पर माळवाडीचं कुनी पान्याला हात लावंना."

गाडी परत मिरजेकडं जाताना फाट्यावर थांबेल. मला तिथंच उतरव, असं त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, "नानासो हौदावरच बसून हाय, सकाळधरनं." मला माहीत आहे म्हटलं. वस्तरा धुऊन, पुसून, लिंबाच्या पाल्यात बांधला आहे, त्यांचा त्यांना परत द्यायला. ठाण्याचा कागद आप्पासो घेऊन गेला आहे, तिकडं नंतर जाता येईल. काठी घरीच ठेवली आहे.